ट्रेलरला रंगाचे तीन हात

आमच्या सोसायटीच्या मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये एक ट्रेलर, एक गवत कापायचं यंत्र आणि एक लोखंडी रोलर उभा आहे. कधीही या, भिंग घेऊन या, वाटल्यास ओळखीचा एखादा खवट माणूस सोबत आणा आणि त्या तिन्हींवर कुठे गंज सापडतो का बघा. सापडला तर मी आडनाव बदलीन. हे मी फुशारकी म्हणून सांगत नाही. फुशारकीच मारायची असती तर रोलरच्या आतल्या बाजूचंही सांगितलं असतं. तिथे मी पालथा पडून, मान वाकडी करून रंग लावलाय, आणि ती बाजू कुणीही, कधीही बघणार नाही.

सुरुवात झाली ती महिन्याच्या सभेत. आमचे अध्यक्ष साध्या आवाजात बोलू शकत नाहीत. शेजारी बसलेल्या माणसाकडे चष्म्याचं घर मागतानाही ते निवेदन केल्यासारखे बोलतात. ते उभे राहिले आणि म्हणाले, "विषय क्रमांक चार. बागेची यंत्रं गंजली आहेत. ती भंगारात काढावीत आणि बागेचं काम एखाद्या कंपनीला द्यावं. त्यांची यंत्रं, त्यांचीच माणसं. आपल्याला ताप नाही."

त्यांचीच माणसं, म्हणजे आमचे माळीकाका नाहीत, हे सगळ्यांना कळलं होतं. कळूनही सगळे पंख्याकडे बघत बसले. आणि माळीकाका नेमके दारात उभे होते. पाण्याची मोटर लावू का, एवढंच विचारायला आले होते बिचारे. सतरा वर्षं त्या माणसाने आमची हिरवळ राखली. त्यांनी टोपी काढली, पुन्हा घातली आणि मोटरचं न विचारताच निघून गेले.

मला मध्ये तोंड घालायचं काही कारण नव्हतं. पण ते टोपी काढणं आणि घालणं मला बघवलं नाही. मी ताडकन उठलो. "गंज चढला म्हणून वस्तू भंगारात? गंजरोधक रंग नावाची गोष्ट जगात आहे की नाही? दोन आठवडे द्या, नव्यासारखी करून दाखवतो!"

"कोण करणार?" अध्यक्षांनी विचारलं.

"मी!"

मी याआधी रंगवलेली एकमेव वस्तू म्हणजे आमच्या घरातलं स्टूल, आणि त्या स्टुलावरून समोरच्या बिऱ्हाडातल्या आजोबांना उठवायला दोन माणसं लागली होती. हे आमच्या मजल्यावर सगळ्यांना ठाऊक आहे. ही बायकांच्या रांगेत बसली होती. तिने माझ्याकडे बघितलंच नाही, फक्त डोळे मिटून घेतले.

पण एकदा शब्द गेला तो गेला. मी तिथल्या तिथे ठराव लिहून घेतला: तिसऱ्या रविवारी यंत्रं चालू स्थितीत दाखवावीत, ट्रेलरची मुदत संपत आलेली वार्षिक तपासणी पास करून आणावी, आणि तसं झाल्यास यंत्रंही राहतील आणि माळीकाकाही राहतील. शेवटचे तीन शब्द अध्यक्ष गाळत होते. मी त्यांच्या पेनाला बोट लावून थांबवलं.

इथे माझ्याबद्दल थोडं सांगायला हवं. मी वाहन नोंदणी कार्यालयात एकतीस वर्षं काढली. माझ्या टेबलावरून अर्ज कधी पहिल्या फेरीत पुढे गेला नाही. कुठे तारीख नाही, कुठे सही चौकटीबाहेर गेलेली, कुठे टाचणी उजव्या कोपऱ्यात. लोक मला पाठीमागे त्रुटीसाहेब म्हणत. तोंडावर कुणी म्हटलं असतं तरी मला राग आला नसता. काम करायचं तर असं, कुठे बोट ठेवायला जागा राहता कामा नये.

दुसऱ्या दिवशी रंगाच्या दुकानात गेलो. म्हटलं, "लोखंडाला लावायचा गंजरोधक रंग द्या."

दुकानदाराने मान वर न करता विचारलं, "कुठलं लोखंड? घरातलं का बाहेरचं? आधीचा रंग कसला? पोपडे आलेत का? ऊन किती तास लागतं? पाणी साचतं का? तेलकट आहे का?"

मला सातातल्या एकाचं उत्तर आलं. तो म्हणाला, "आधी नीट बघून या, मग रंग देतो."

मी परत आलो. जन्मभर मी लोकांना असाच परत पाठवत आलो, पण परत जाणाऱ्याला कसं वाटतं ते मला त्या दिवशी कळलं. बरं नाही वाटत.

दुसऱ्या फेरीला मी कागदावर सगळं लिहून नेलं, आकृतीसकट. दुकानदार खूश झाला. म्हणाला, "गंजावर रंग फासाल तर आतल्या आत खात जाईल. आधी पार खरवडा, मग पुसा, मग लाल प्रायमर आणि मग रंग." मला रंग करडा हवा होता, आमच्या ऑफिसातल्या कपाटांचा. ही म्हणाली, "अहो, बागेतल्या वस्तू आहेत त्या. कपाटं नाहीत." म्हणून गडद हिरवा घेतला आणि चाकांना पिवळा.

खरवडायला लागलो आणि सल्लागार जमले. कुणी म्हणे वाळू घासा, कुणी म्हणे व्हिनेगर ओता, कुणी नुसतेच येऊन "हे काही खरं नाही" म्हणून जात. तळमजल्यावरचे दातांचे डॉक्टर मात्र स्टूल घेऊनच आले. (तेच स्टूल. हिने त्यांना दिलं.)

"कीड काढल्याशिवाय मी दाढ भरत नाही," ते म्हणाले. "या सांध्यात बघा किती कीड आहे. तुमच्या ब्रशने नाही निघायची." आणि त्यांनी खिशातून दात कोरायचा आपला जुना आकडा काढून माझ्या हातात दिला.

मी ट्रेलरखाली उताणा, तोंडात छोटा ब्रश, एका हातात आकडा, दुसऱ्या हातात चिंधी. आणि डॉक्टर वर बसून विचारतायत, "काय, मुलगी काय म्हणते? येणार आहे का सुट्टीत?" मी "आं आं" करायचो. त्यांना त्याची सवय असावी, कारण त्यांना सगळं समजत होतं. अशी चार दिवसांत आम्ही त्या ट्रेलरची बत्तिशी साफ केली. माझ्या नाकातून दोन दिवस लाल पाणी येत होतं. ही घाबरली. मी म्हटलं, "गंज आहे गं, मी नाही गंजलेलो."

पाचव्या दिवशी प्रायमर झाला. माळीकाका पाण्याचा तांब्या घेऊन शेजारी उभे होते. ते फार बोलत नाहीत. त्या दिवशी मात्र बोलले, "साहेब, फिरणाऱ्या जागा तेवढ्या सोडा. तिथे रंग नको, तिथे ग्रीस."

"काका," मी म्हटलं, "गंज काय जागा बघून येतो?"

माझं वाक्य मलाच इतकं आवडलं की त्यांचं ऐकायचं राहून गेलं. एकतीस वर्षं ज्याने टाचणीची जागासुद्धा सोडली नाही तो लोखंड उघडं सोडणार? मी एकेक नट रंगवला. बिजागऱ्या रंगवल्या, आसाची टोकं रंगवली, ग्रीस भरायची भोकं काडीने आतपर्यंत रंगवली. उंची कमीजास्त करायचा दांडा, त्याच्या खाचा, ट्रेलर सोसायटीच्या जीपला जोडायचा गोळा, गोळ्यावरची पट्टी. आणि एक नाही, रंगाचे तीन हात दिले. प्रत्येक हातानंतर मी चार पावलं मागे जाऊन उभा राहायचो. काय सांगू, छाती भरून यायची.

रंग वाळेपर्यंत पाटी लावली: "रंग ओला आहे. हात लावू नये." ही पाटी लावायच्या आधी एकाही माणसाला ट्रेलरला हात लावायची इच्छा झाली नव्हती. पाटी लावल्यावर अख्खी सोसायटी खात्री करून घ्यायला आली. सकाळी नऊ बोटांचे ठसे. ते पुसून पुन्हा रंग लावला, तर संध्याकाळी सहा. त्यातला एक चांगला रुंद अंगठा होता. सभेच्या वहीत अध्यक्षांनी सही केली तेव्हा कागदावर हिरवा डाग उमटला आणि मी काही बोललो नाही. मोठेपणा म्हणतात तो हाच.

इकडे माळीकाका रोज सकाळी विचारत, "साहेब, यंत्र नेऊ का? गवत वाढलंय."

"काका, रंग अजून पक्का व्हायचाय. आज नको."

ते मान हलवत आणि कोयता घेऊन कडेची झुडपं कापत बसत.

तपासणीच्या आदल्या दिवशी सकाळी ट्रेलर शेडबाहेर काढायला घेतला. चाकं फिरेनात. एक म्हणजे एक फिरेना! चार जणांनी ढकललं तर अख्खा ट्रेलर चाकांसकट जमिनीवरून घसरत आला. गवताच्या यंत्राचा दांडा खाचेत घट्ट बसला होता आणि रोलरने तर आयुष्यातून निवृत्ती घेतली होती. मी इतका पक्का रंग लावला होता की तिन्ही यंत्रांचा एकेक अखंड पुतळा झाला होता.

अध्यक्ष गॅलरीतून बघत होते.

मला वाटलं, आता माळीकाका म्हणतील, सांगितलं होतं ना? त्यांना म्हणायचा हक्कच होता. माझ्या एका वाक्याच्या हौसेपायी त्यांची नोकरी जायची वेळ आली होती. पण ते आत गेले, रॉकेल आणलं, थिनर आणलं, लाकडी हातोडी आणली आणि चाकाजवळ मांडी घालून बसले. मी शेजारी बसलो. दिवसभर आम्ही दोघं एकेक सांधा सोडवत होतो. मी थिनर सोडायचो, ते ठोकायचे. आणि ठोकताना खाली फडकं धरायचे, माझ्या रंगाला ओरखडा जाऊ नये म्हणून!

दुपारी मी विचारलं, "काका, राग नाही आला माझा?"

"राग कसला साहेब? सतरा वर्षांत या यंत्रांना कुणी हात लावून बघितलं नव्हतं. तुम्ही पोटाखाली शिरून बघितलंत." मग हातोडी खाली ठेवून म्हणाले, "मला काम मिळेल हो दुसरीकडे. पण ही हिरवळ मी लावलीय. तिथे दुसरा कुणी यंत्र फिरवतोय, हे नाही बघवणार मला."

मी खाली मान घालून ग्रीसचं भोक कोरत राहिलो. संध्याकाळी सगळी चाकं फिरली आणि मी आणि माळीकाकांनी काळ्या हातांनी एकमेकांशी हात मिळवले.

दुसऱ्या दिवशी माळीकाकांनी जीप काढली, मागे ट्रेलर जोडला आणि आम्ही माझ्या जुन्या कार्यालयात गेलो. तपासणी अधिकारी म्हणजे माझ्याच हाताखाली तयार झालेला गडी. आवक-जावक नोंद कशी करायची ते मी त्याला शिकवलंय. म्हटलं, आता चिंता नाही. त्याने उठून खुर्ची दिली, ट्रेलरभोवती दोनदा फिरला आणि म्हणाला, "वा सर, काय काम केलंय! चासी नंबर कुठे आहे?"

ट्रेलरच्या सांगाड्यावर, पुढच्या पट्टीवर, नंबर ठोकलेला असतो. तो होता. म्हणजे आत होता. वरून प्रायमर आणि रंगाचे तीन हात होते, आणि ठशांमुळे त्या पट्टीला तर मी पाच दिले होते.

"अरे, कागदावर आहे की नंबर," मी म्हटलं.

"सर, नंबर प्रत्यक्ष डोळ्यांनी वाचता आला पाहिजे. परिपत्रक आहे."

"कुणी काढलं असलं परिपत्रक?"

तो अवघडला. मग त्याने कपाटातून फाइल काढली आणि पानाच्या तळाशी बोट ठेवलं. सही माझीच होती. झोकदार आली होती.

खरवडणं भाग होतं. त्याने किल्लीने घासलं. काही नाही. स्क्रू-ड्रायव्हर आणला, त्याचं टोक घसरून त्याच्याच बुटावर आलं. रांगेतले ट्रकवाले जमले. एकाने आपला चाकू चालवून बघितला, चाकूची धार गेली. आता खरं सांगतो, आतून माझी भीतीने गाळण उडाली होती. मुदत संपायला चोवीस तास, माळीकाका जीपपाशी टोपी हातात घेऊन उभे. आणि तरीही प्रत्येक माणूस हरून बाजूला झाला की मला इतका आनंद व्हायचा, इतका आनंद व्हायचा! "निघत नाही ना?" मी विचारायचो. "निघायचा नाही!" तिघांनी माझ्याकडून रंगाच्या दुकानाचा पत्ता लिहून घेतला. माळीकाकांनी शेवटी माझ्या कोपराला हात लावला. "साहेब," ते हळूच म्हणाले, "निघायला पाहिजे."

मी भानावर आलो. खिशात डॉक्टरांचा आकडा होता. बाही वर केली, थिनरचा बोळा लावला आणि माझं सगळ्यात सुरेख काम मी माझ्याच हाताने कोरायला बसलो. पाऊण तास लागला. एकेक अंक वर आला आणि खालचं लोखंड कसं होतं म्हणता? चकचकीत! गंजाचा कण नाही! अधिकाऱ्याने नंबर मोठ्याने वाचला, ट्रकवाल्यांनी टाळ्या वाजवल्या आणि अर्जावर 'पास' लिहून त्याने खाली शेरा मारला: "रंगकाम अत्यंत समाधानकारक." एकतीस वर्षांत मी हा शेरा कुणाला दिला नव्हता. घरी येईपर्यंत मी तो कागद चार वेळा वाचला. माळीकाकांनाही वाचून दाखवला. दोनदा.

रविवारी सगळी सोसायटी बागेत हजर. मी तिन्ही यंत्रं ओळीने मांडली होती, वरून चादर घातली होती. चादर ओढली तशी लोकांच्या तोंडून "अरे वा!" निघालं. ही पुढे आली, ट्रेलरवरून हात फिरवला आणि चारचौघांत म्हणाली, "छान झालंय हं." लग्नाला चौतीस वर्षं झाली, चारचौघांत असं वाक्य मला पहिल्यांदा मिळालं.

अध्यक्षांनी तपासणीचा कागद बघितला. यंत्राला बोट लावून बघितलं. मग ठरावाची वही उघडली. "यंत्रं उत्तम," ते म्हणाले. "पण ठरावात 'चालू स्थितीत' असं लिहिलंय. ही हिरवळ बघा. सोळा दिवस गवत कापलेलं नाही. पोटरीला लागतंय. रंगाला जपून बाग वाढवायची असेल, तर मग कंपनी काय वाईट?"

त्रुटी होती. आणि बरोबर होती! सोळा दिवस त्या माणसाला त्याच्या कामापासून कुणी अडवलं होतं? मीच की!

"काका, चालवा," मी म्हटलं.

माळीकाकांनी यंत्र गवताच्या कडेला आणलं आणि माझ्याकडे बघितलं. "साहेब, खडे आहेत आत. टवके जातील."

"चालवा हो."

यंत्र सुरू झालं. पाचसात पावलं गेलं असेल नसेल, आणि टण्ण! खडा उडाला. पुढच्या पत्र्यावर नखाएवढा टवका गेला आणि खालचा लाल प्रायमर दिसला. माळीकाकांनी यंत्र बंद केलं. अख्खी सोसायटी माझ्याकडे बघायला लागली, कारण मी काहीतरी ओरडलो होतो म्हणे. मला आठवत नाही. मला फक्त तो टवका दिसत होता. डोळ्यांत पाणी आलं होतं, लपवत नाही.

मग मी माळीकाकांचे हात बघितले. दांड्यावर होते, पण सैल. माझ्या परवानगीसाठी थांबलेले. सतरा वर्षं ज्याने गवत कापायला कुणाला विचारलं नाही तो माणूस माझ्या रंगापायी थांबला होता. माझीच मला लाज वाटली.

"थांबू नका काका!" मी ओरडलो. "टवका गेला तर पुन्हा रंगवीन! दर वर्षी रंगवीन! तुम्ही कापा!"

आणि मग त्यांनी जे कापलं ते बघायला हवं होतं. दांडा खाचेत अलगद बसत होता, चाकं कुरकुर न करता फिरत होती. एक पट्टा, वळण, दुसरा पट्टा. आखल्यासारखे सरळ. ओल्या गवताचा वास सुटला. लोक गॅलऱ्यांत गेले, वरून बघायला. डॉक्टर प्रत्येक "टण्ण"ला माझा खांदा दाबत होते. अकरा पट्टे झाले आणि अध्यक्षांनी वहीतला विषय क्रमांक चार स्वतःच्या पेनाने खोडला. त्यांना मी जन्मात पहिल्यांदा साध्या आवाजात बोलताना ऐकलं. "राहू द्या," ते म्हणाले. "सगळंच राहू द्या."

भिंतीलगतचा शेवटचा पट्टा उरला होता. माळीकाकांनी यंत्र थांबवलं, घाम पुसला आणि दांडा माझ्यापुढे केला. "हा तुम्ही घ्या साहेब."

"मला कुठे येतं?"

"मला तरी रंगवायला कुठे येतं?"

मी घेतला. यंत्र उजवीकडे ओढत होतं, माझा डावा पाय सारखा मागे पडत होता. पण मी पोचलो हो टोकापर्यंत!

आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीतून आज सगळं स्पष्ट दिसतंय. अकरा पट्टे दोरी लावल्यासारखे सरळ, आणि बारावा भिंतीकडे जातो, घाबरून परत येतो, पुन्हा जातो. माळीकाका म्हणाले, पुढच्या खेपेला सरळ करून टाकतो. मी म्हटलं, घाई करू नका. कालपासून घरी जो कोणी येतो त्याला मी आधी गॅलरीत नेतो आणि सांगतो, "तो वाकडा दिसतोय ना? तो माझा."